लोकरीच्या गाठी

चितेगावच्या कंपनीत मला 'जागेवर' म्हणून चिडवतात. दहा नंबरचा पाना कुठं? जागेवर. झाडू कुठं? जागेवर. त्रिंबक कुठं? तोही जागेवर. मी स्टोअरला आहे. पाचेक वर्षांपूर्वी आमच्याकडं 'फाईव्ह एस' आलं, म्हणजे नको ते काढून टाका, हवं ते नीट लावा, झाडा-पुसा, सगळीकडं एकच पद्धत ठेवा आणि ती टिकवा. भिंतीवर मोठी पाटी आहे, 'प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक वस्तू जागेवर'. बाकीचे तिच्याखाली उभं राहून तंबाखू मळतात. मला मात्र त्या पाटीचं व्यसन लागलं. दारूचं लागलं असतं तर निदान लाज वाटली असती.

त्याला कारण आहे. आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. माझं लहानपण घोड्यावर लादलेल्या बिऱ्हाडात गेलं. आज या शिवारात, उद्या त्या. शाळेची वही संध्याकाळी सापडली तर सकाळी पेन्सिल हरवलेली. मास्तरांच्या छड्या मी अभ्यासापेक्षा हरवलेल्या वस्तूंपायीच जास्त खाल्ल्या. म्हणून शहरात, मुकुंदवाडीला दोन खोल्या घेतल्या तेव्हा मी पहिल्यांदा भिंतीला खिळे ठोकले आणि प्रत्येक खिळ्याखाली काय टांगायचं ते लिहून ठेवलं. बायको सरू म्हणाली, "माझ्या नावाचा खिळा कुठंय तेवढं दाखवा."

गेल्या दिवाळीनंतर कंपनीनं स्पर्धा काढली, 'माझं घर, माझी शिस्त'. घराचे दोन फोटो द्यायचे, आधीचा आणि नंतरचा. शिवाय एका महिन्यानं तिसरा, शिस्त टिकली की नाही ते बघायला. पहिलं बक्षीस मलाच मिळणार, हे शिपायालासुद्धा माहीत होतं. अडचण एवढीच होती की माझ्या घराचा 'आधी' कुठून आणायचा? पसारा औषधालाही नव्हता. सरू म्हणाली, "दोन दिवस मी करून देते की."

मग मला आईचं स्वयंपाकघर आठवलं.

इथं मी खरं सांगून टाकतो. गावात, नातेवाइकांत, सगळीकडं मी हेच सांगत आलो की आईची सोय करायला गेलो होतो. मी सोय करायला गेलो नव्हतो. मला पसारा हवा होता, आणि तो आईकडं होता.

आमची वस्ती फर्दापूरच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला आहे. वडील जाऊन सहा वर्षं झाली. आई, म्हाळसाबाई, एकटीच राहते. तिची पाच मेंढरं आहेत, ती माझा चुलतभाऊ बन्सी आपल्या कळपाबरोबर चरायला नेतो. बन्सीचं घर शेजारीच, भिंतीला भिंत लागून.

आईच्या फडताळाचा फोटो काढताना मी मनातल्या मनात खूश झालो. इतका झकास 'आधी' कुणाकडं नसणार. पोचा आलेला डालड्याचा डबा, कान तुटलेली चिनी मातीची बरणी, मिठाचं गाडगं, खुळखुळती कडी असलेला पितळी डबा, औषधाची चौकोनी बाटली, शेवटाला एक काथ्यानं बांधलेली पुरचुंडी. सबंध फडताळात दोन भांडी एकसारखी नव्हती. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं.

मी शहरातल्या शहागंजच्या बाजारातून चोवीस बरण्या आणल्या होत्या. सगळ्या एका मापाच्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या, निळ्या झाकणाच्या. दिवसभर राबलो. फळ्या घासल्या, कागद अंथरले, सगळं नव्या बरण्यांत भरलं, नावं छापून आणली होती ती चिकटवली आणि बरण्या अक्षराच्या क्रमानं लावल्या. मिरची, मीठ, मेथ्या, मोहरी. पुढं साखर, साबुदाणा, सोडा, हळद. कपडे धुवायचा सोडाही त्याच ओळीत बसवला, कारण चोवीस बरण्या भरायच्या होत्या आणि साबुदाण्यानंतर त्याचीच पाळी होती. माझ्या आईला अक्षरओळख नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं कुणी म्हणेल का? माहीत होतं. क्रम म्हणजे क्रम, एवढंच डोक्यात होतं.

आई ओट्यावर बसून होती. एकेक जुना डबा मी बाहेर ठेवायचो, ती तो मांडीवर घ्यायची, त्यावरून हात फिरवायची आणि खाली ठेवायची. एकदाच म्हणाली, "मिठाचं गाडगं तरी राहू दे की रं."

"एक ठेवलं की सगळं राहतं, आई. नियम म्हणजे नियम."

"बरं," ती म्हणाली.

जुनी भांडी मी पोत्यात भरली आणि वस्तीवर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकली.

महिन्यानं तिसऱ्या फोटोसाठी गेलो, तेव्हा सरू आणि आमची चार वर्षांची आवडी बरोबर होती. फडताळ बघितलं आणि माझं डोकं फिरलं. बरण्या जागेवर होत्या, पण प्रत्येकीच्या गळ्यात काळ्या लोकरीचा कळकट दोरा. कुणाला एक गाठ, कुणाला दोन, कुणाला चार. काही दोरे दुहेरी, काही पिळलेले.

"हे काय करून ठेवलंस?"

"काय नाय. झाकनं ढिली हायती, म्हनून बांधलं."

"झाकणं फिरकीची आहेत आई, ढिली कशी होतील?"

 भिंतीला मेंढरांची लोकर कातरायची जुनी कातर टांगलेली होती. मी ती घेतली आणि एकेक दोरा कापत गेलो. पहिला दोरा कापला तेव्हा आईचा हात वर आला होता. मी बघितला. मग तो आपोआप खाली गेला, आणि तिनं पदर सारखा केला. चोवीस दोरे जमिनीवर पडले. मी ते झाडून चुलीत टाकले आणि फोटो काढला. फोटो छान आला.

तेवढ्यात आवडीनं दूध मागितलं. आई उठली, दूध कोमट केलं, फडताळाशी गेली. तिथं ती जरा जास्तच वेळ उभी होती. मी म्हणालो, "आता तरी सापडतंय का? नाव वाचता येत नसलं तरी क्रम ध्यानात ठेवायचा." तिनं एक बरणी काढली, दोन चमचे दुधात घातले, ढवळलं आणि पेला आवडीच्या हातात दिला.

पोरीनं मोठा घोट घेतला आणि किंचाळली. दूध अंगावर ओकली, ओठ चोळायला लागली. सरूनं पेल्याचा वास घेतला, बोट लावून चाखलं आणि थुंकली. साखरेऐवजी धुण्याचा सोडा होता.

मी आवडीला उचललं, तिचं तोंड पाण्यानं धुतलं आणि आईवर ओरडलो, "डोळे फुटले का तुझे?"

"व्हय," आई म्हणाली.

मला वाटलं, उलट बोलते. लेकराला इजा करून वर तोंड करते. मी तिच्याकडं पाठ फिरवली आणि आवडीला घेऊन निघालो. फर्दापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तोंड पुन्हा धुवायला लावलं, ओठाला मलम दिलं आणि दोन दिवसांत बरं होईल म्हणाले. बरंही झालं. पण एसटी स्टँडवर बसल्या बसल्या मी सगळं ठरवून टाकलं. घराला कुलूप, मेंढरं बन्सीला, आई शहरात. तसा बन्सीला फोन लावला.

बन्सी ऐकत राहिला. मग म्हणाला, "दादा, काकूला दिसत नाय. दोन वर्सं झाली. समद्या वस्तीला ठावं हाय. तुला ठावं नव्हतं व्हय?"

बन्सीचं बोलणं मी सरूला सांगितलं. सरू आवडीचे केस सारखे करत म्हणाली, "मलाही शंका होती. आपण पोचलो तेव्हा आईंनी आवडीचं तोंड नुसत्या हातानं चाचपलं. आणि त्या दोऱ्यांच्या गाठी मी बघितल्या होत्या. पण तुम्ही कातर हातात घेतली की कुणाचं ऐकता का?"

नाही ऐकत. हे तिनं आधी कितीदा सांगितलं होतं, आणि मी ते चेष्टेवारी नेलं होतं.

त्याच आठवड्यात आईला शहरात आणून डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. मोतीबिंदू असेल, काढून टाकू, असं मी गाडीत घोकत आलो होतो. मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही. आता उजेड आणि सावली एवढंच उरलंय, तेवढं टिकवायला रोज थेंब घालायचे. डॉक्टरांनी विचारलं, "दोन वर्षं झाली म्हणता, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"  स्टोअरमध्ये पाचशे पानांच्या वहीतली एक पावती हरवली तर मला कळतं.

बाहेर आल्यावर मी आईला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू म्हनला असतास, चल शहरात. तुझ्या घरात समदं जाग्यावर असतंय. मंग मी कुठं बसायचं, तेबी तूच ठरवनार."

ती दहा दिवस आमच्याकडं राहिली. खाटेच्या एका कडेला बसायची ती तिथंच. उठताना भिंत चाचपायची, तर हाताला माझे खिळे लागायचे. सरूनं एक दिवस न बोलता सगळ्या खिळ्यांवरचं सामान उतरवून ठेवलं.

स्पर्धेचा निकाल लागला. बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं, टाळ्या झाल्या. फोटो मोठे करून नोटीस बोर्डावर लावले होते. चहाच्या सुट्टीत पोरं त्यासमोर उभी होती. एकजण म्हणाला, "बाप रे, 'आधी' तर उकिरडाच होता की." मी म्हणालो, "ते माझ्या आईचं घर आहे." तो ओशाळला, पण त्याचं काय चुकलं? उकिरडा म्हणूनच तर मी तो फोटो दिला होता. सगळे पांगल्यावर मी 'आधी' बोर्डावरून काढला आणि घरी आणला.

त्या फोटोतली प्रत्येक गोष्ट आता मला वाचता येत होती. पोचा आला म्हणजे साखर. कान तुटला म्हणजे तिखट. खुळखुळ वाजलं म्हणजे हळद. गार मातीचं गाडगं लागलं म्हणजे मीठ. माझ्या आईनं दोन वर्षं एकटीनं ते घर चालवलं, एक दिवस आल्या-गेल्या कुणाला उपाशी ठेवलं नाही. मी ते एका रविवारी मोडलं. मग तिनं दुसऱ्यांदा सगळं बसवलं, मेंढराची लोकर वळून, माझ्याच बरण्यांना. तेही मी मोडलं, आणि वर फोटो काढला.

शहागंजातल्या भंगारवाल्यांकडं मी दोन संध्याकाळी हिंडलो. फोटो दाखवायचो आणि असा डबा आहे का विचारायचो. ते माझ्याकडं वेड्यासारखं बघायचे. एका चाचांनी विचारलं, "डब्यात काही ठेवलं होतं का भाई?" मी म्हणालो, मीठमिरची. तीन डबे मिळाले.

आई परत जायचंच म्हणत होती. मी अट घातली. शहाण्या लेकानं घालावी तशी, गोड शब्दांत. "आठ दिवस बघू. तुझा स्वयंपाक तुला करता आला तर राहा. नाही जमलं तर कुलूप लावायचं, आणि मग हट्ट करायचा नाही." ती म्हणाली, "बरं." आठ दिवस दूरच, मला पहिल्या दिवशीच कळलं की ते अवघड आहे. गावी पोचून तिनं चुलीला हातच लावला नाही. बन्सीची बायको भाकरी देऊन गेली ती खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तेच. आवडीच्या ओठांची भीती तिच्या हातांत जाऊन बसली होती.

मी तीन डबे तिच्या मांडीवर ठेवले. तिनं एकेक चाचपला. "चांगलं हायती," ती म्हणाली. "कुनाचं तरी." मग थोड्या वेळानं म्हणाली, "लोकर आन जरा."

बन्सीकडून काळ्या लोकरीचा गुंडा आणला. बरण्यांवरची माझी छापील नावं मी सकाळीच खरवडून काढली होती, प्रायश्चित्त म्हणून. सोडा घराबाहेर, न्हाणीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. आई सांगत गेली आणि मी दोरे बांधत गेलो. साखरेला एक गाठ, मिठाला दोन, तिखटाला तीन, हळदीला पिळलेला दोरा. ती म्हणाली, "आन हिकडं, मी बांधते." मी म्हणालो, "मी आहे ना. तू बस." घाईनं, मन लावून बांधलं. सगळं परत ओळीत ठेवलं.

मग आई उठली. पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा तिनं चूल पेटवली. आधण ठेवलं, चहाची पूड टाकली, फडताळाशी गेली. बोटं दोऱ्यांवरून फिरत एका गाठीवर थांबली. तिनं ती बरणी काढली, दोन चमचे घातले. दूध नव्हतं, कोराच चहा. एक कप माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला.

मी घोट घेतला. चहा खारट होता. इतका खारट, की गिळताना डोळ्यांत पाणी आलं. आई माझ्याकडं तोंड करून उभी होती, कान देऊन. तिला काय ऐकायचंय ते मला कळत होतं. तिचं सगळं त्या एका शब्दावर अवलंबून होतं.

"गोड झालाय," मी म्हणालो.

तिचा चेहरा सैल झाला. ती खाली बसली, बशीत ओतून घेतला, फुंकर घातली आणि प्याली. मग बशी तशीच हातात धरून राहिली.  शेवटी म्हणाली, "हात गेलं माझं. चल, कुलूप लाव."

आणि मला, तिच्या पोटच्या पोराला, त्या क्षणी हायसं वाटलं. हे कुणाला सांगू नये, पण वाटलं. चला, सुटलो, आता ती माझ्या नजरेसमोर राहील. मी उठून फळीवरचं कुलूपही हातात घेतलं.

ती मात्र चुलीपाशीच होती. बरणी तिच्या बाजूलाच होती. तिनं बरणीच्या गळ्यातला दोरा पुन्हा चाचपला, दोनदा, तीनदा. झाकण काढून चिमूट जिभेवर ठेवली.

"तिंबका, इकडं ये. किती गाठी हायती?"

मी वाकून बघितलं. "एक."

"आन आत?"

मी बघितलं. पांढरं. साखरही पांढरी, मीठही पांढरं, बरण्या दुधी रंगाच्या, आणि नावं मी खरवडलेली. दोरा बांधताना मी झाकणं उघडून नुसती नजर टाकली होती. ज्याला दिसतं तो चाखतो कशाला?

"मीठ," मी म्हणालो. "माझी चूक झाली. मी बघून बांधलं."

"पयल्या घोटालाच कळलं व्हतं का तुला?"

"व्हय."

"मंग गोड का म्हनला?"

  मी खरं तेच सांगितलं. "मला वाटलं, तूच चुकलीस."

आई रागावली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं. मग हळू म्हणाली, "दुसऱ्या कुनी बांधली असती तर मी चाखून बघितलं असतं. तू बांधली म्हनून नाय चाखलं." आणि पुढं म्हणाली, "मला आता गोड बोलून चालत नाय, बाबा. खारट तर खारट म्हनायचं. तुझ्या बोलन्यावर मी पाय टाकनार हाय."

मी कुलूप ओट्यावर ठेवलं. तिथंच, खाली; त्याच्या जागेवर, फळीवर नव्हे.

तिनं सगळे दोरे सोडायला लावले. मी सोडले, या खेपेस कातर न घेता, नखानं एकेक गाठ उकलून. मग ती भिंतीला टेकून बसली, मी एकेक बरणी तिच्यापुढं उघडत गेलो. ती वास घ्यायची, जिभेवर ठेवायची, नाव सांगायची आणि स्वतःच्या हातानं दोरा बांधायची. बरण्या कुठं ठेवायच्या हेही तीच सांगत होती. मीठ चुलीजवळ, डाव्या अंगाला. साखर लांब. हळद खाली, कारण ती रोज लागते आणि वाकून घ्यायची सवय आहे. त्या क्रमाला कुठल्याही भाषेत अक्षर नव्हतं.

मधेच एका बरणीशी ती थांबली. इतक्या चवी घेऊन तिची जीभ दमली होती. तिनं बरणी माझ्याकडं सरकवली.

"हे बघ जरा काय हाय."

आत पांढरं पीठ होतं. तांदळाचं असावं. दिसत तर तसंच होतं. मी बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, नीट घोळवलं, आणि मगच तोंड उघडलं.

"तांदळाचं," मी म्हणालो. "पण कडसर लागतंय आई. खराब झालंय."

"मंग टाकून दे," ती म्हणाली आणि हातातला दोरा पुढच्या बरणीसाठी मांडीवर ठेवला.